मागच्या चाकांना डिस्क? आधी ड्रम तर उघडा!

हा लेख ब्रेकवर आहे. ‘आम्हाला मशीन डिझाइनला हे होतं’ असं म्हणून पान उलटू नका. मलाही होतं. पेपरात ड्रम ब्रेकच्या गणिताला पूर्ण मार्कही मिळाले होते. पण पंचवीस वर्षांच्या मारुती ८०० चं ब्रेक पेडल घाटात पायाखाली मऊ पडलं, तेव्हा त्या गणिताचा आणि माझ्या पायाचा काही संबंध आहे हे मला कळलं नाही.

झालं असं. मागच्या डिसेंबरात चाळीसगावला लग्न होतं. मामांची १९९९ ची एमएच-२० पासिंगची ८००. मामा चालवत होते, शेजारी मी, मागे आई आणि मामी, डिकीत आहेराच्या पिशव्या. कन्नड सोडलं आणि औट्रम घाटाच्या उतारावर मामांनी नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रलला टाकली. ‘पेट्रोल वाचतं रे!’ अर्ध्या घाटात करपल्यासारखा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर मामांनी पेडल दाबलं आणि ते स्पंजात पाय घातल्यासारखं खाली गेलं. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भराभर पंप मारला ते मी पाहिलं. मग दुसरा गिअर, हॅन्डब्रेक, आणि डोंगराकडच्या बाजूला घासत घासत गाडी थांबली. मागे आई अजून मामीशी साड्यांबद्दल बोलत होती. तिला आम्ही काहीच सांगितलं नाही. आज हा लेख वाचून कळेल.

अर्धा तास थांबलो. पेडल पुन्हा पूर्वीसारखं कडक झालं! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

होस्टेलवर आल्यावर रूममध्ये परिषद भरली. एकमताने ठराव पास: मागचे ड्रम काढायचे आणि डिस्क बसवायच्या. हल्ली बाइकलाही मागे डिस्क असते, आपल्या वाळूजच्या एमआयडीसीत दुचाकींच्या डिस्क ब्रेकचे भाग बनतात, आणि आपण काय १९९९ मध्ये राहायचं? शिवाय ‘जुन्या कारच्या मागील ड्रम ब्रेकचे डिस्कमध्ये रूपांतर’ हे प्रोजेक्टचं टायटल म्हणून काय शोभतं! मामाही तयार झाले. घाटातला प्रसंग झाल्यावर मामा कशालाही तयार होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझा रूम पार्टनर गाडी घेऊन क्रांती चौकात. तिथे आतल्या गल्लीत एक छोटं गॅरेज आहे, मामा वर्षानुवर्षं तिथेच जातात. चौकाची ओळख आपल्या वाचकांना करून द्यायला नको. महाराजांचा अश्वारूढ पुतळा, शेजारून जाणारा जालना रोडचा उड्डाणपूल आणि आठवड्यातून दोनदा कोणाचं तरी आंदोलन. ज्या शहरातल्या मंडळींनी २०१० मध्ये एकदम १५० मर्सिडीज घेऊन देशभर बातमी केली, त्याच शहरातल्या या गल्लीत अजून ८००, झेन आणि एस्टीम रांगेत उभ्या असतात. गॅरेजवाल्या चाचांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. मी मोठ्या उत्साहाने प्लॅन सांगितला. उस्तादांनी चहा संपवला आणि म्हणाले, “इंजिनिअर, डिस्क बाद में. पहले ड्रम तो खोल के देख.”

मला राग आला. खरं सांगतो, वाटलं की जुन्या माणसाला नवीन काही नको असतं. म्हणून ड्रम उघडण्याआधी मी त्यांना गणित करून दाखवतो म्हटलं. ते गणित करता करताच माझा प्लॅन हळूहळू मोडीत निघाला. तेच इथे सांगतो.

आधी दोन मिनिटं मूळ गोष्ट. ड्रम म्हणजे फिरणारं पातेलं आणि आत दोन अर्धगोल शू. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर शू बाहेर ढकलतो आणि ते पातेल्याच्या आतल्या भिंतीला घासतात. डिस्क म्हणजे फिरणारी ताटली आणि दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे पॅड. आपल्या सायकलचा रिमला धरणारा ब्रेक आठवा, तत्त्व तेच. दोन्ही कल्पना जुन्याच आहेत. ड्रमचं श्रेय फ्रान्सच्या लुई रेनोला देतात, साल १९०२. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्कचं पेटंट घेतलं. पण डिस्कचे दिवस यायला पन्नास वर्षं लागली. १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने डनलॉपच्या डिस्क लावून जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएसला पुढे डिस्क आल्या. ८०० लाही पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच मांडणी होती. म्हणजे मामांच्या गाडीला अर्धी डिस्क आधीपासूनच होती. घाटात मऊ पडलेल्या ब्रेकमध्ये ती डिस्कसुद्धा सामील होती, हे तेव्हा आमच्या परिषदेत कोणाच्याच डोक्यात आलं नाही!

आता पहिला प्रश्न. मागचा ब्रेक काम किती करतो? ८०० चं वजन साधारण ६५० किलो, एकटा ड्रायव्हर धरून ७२० म्हणू. इंजिन पुढे, त्यामुळे उभ्या गाडीत ६० टक्के भार पुढच्या चाकांवर, ४० मागच्या, असं धरू. व्हीलबेस २.१७५ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच मानू. कोरड्या रस्त्यावर ०.७ जी ने कचकन ब्रेक मारला की गाडी नाक खाली करते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. ते नाक खाली जाणं म्हणजेच भार मागून पुढे सरकणं. किती सरकतो? ०.७ गुणिले ०.५ भागिले २.१७५, म्हणजे ०.१६. मागच्या चाकांवरचे ४० मधले १६ टक्के पुढे गेले. उरले २४.

म्हणजे जोरात ब्रेक मारताना मागची दोन चाकं मिळून एक चतुर्थांश काम करतात. तिथे सोन्याची डिस्क लावली तरी टायरला रस्त्यावर जेवढी पकड आहे तेवढंच बळ मिळणार. जो ब्रेक चाक लॉक करू शकतो, तो एका ब्रेकिंगपुरता पुरेसा ताकदवान आहेच. ८०० चा धडधाकट ड्रम मागचं चाक आरामात लॉक करतो. मग ‘डिस्क लावली की गाडी कमी अंतरात थांबते’ हे आलं कुठून? पुढच्या चाकांच्या बाबतीत, किंवा वारंवार ब्रेक मारून तापलेल्या गाडीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. मागच्या चाकांच्या एका थांबण्यात नाही.

इथे माझा पार्टनर म्हणाला, “ठीक आहे, फायदा नाही तर नाही. पण तोटा तर नाही ना? दिसतं भारी!” तोटा आहे, आणि तो मोठा आहे.

ड्रममध्ये एक गंमत असते. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आपण खाली लाकडी पाचर ठोकतो. दार जितकं ढकललं जातं तितकी पाचर स्वतःच घट्ट होते. ड्रममधला एक शू, ज्याला लीडिंग म्हणतात, तो अगदी तसाच वागतो. ड्रमच त्याला आपल्याकडे ओढून घेतो. दुसऱ्या, ट्रेलिंग शूला ड्रम उलट मागे ढकलतो. दोन्हींची गोळाबेरीज केली तर साध्या ड्रमचा ब्रेक फॅक्टर साधारण २ च्या घरात जातो. डिस्कमध्ये पाचर नाही. दोन पॅड, घर्षणांक ०.३८ धरला तर फॅक्टर ०.७६. म्हणजे एवढ्याच पिस्टनला आणि एवढ्याच ऑइलच्या दाबाला डिस्क ड्रमच्या निम्म्याहूनही कमी बळ देते. म्हणून डिस्कच्या कॅलिपरला पिस्टन मोठा लागतो.

आता जुन्या बाजारातून मोठ्या गाडीचा मागचा कॅलिपर आणला असं समजा. आपल्या व्हील सिलिंडरचा व्यास १७ मिमी आणि त्या कॅलिपरचा पिस्टन ३४ मिमी, असं सोयीसाठी धरू. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. बळ किती? ४ गुणिले ०.७६ भागिले २, म्हणजे सुमारे दीडपट. त्रिज्या तीच धरली आहे, हे परीक्षकांनी लक्षात घ्यावे. ‘वा! मागचा ब्रेक दीडपट!’ असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. आता वरचं २४ टक्के आठवा. मूळ गाडीत पुढे ७६ आणि मागे २४ अशी वाटणी होती असं धरलं, तर नवीन वाटणी ७६ आणि ३६, म्हणजे मागचा वाटा ३२ टक्के. मागच्या चाकांवर ३२ टक्के भार कधी असतो? फक्त ०.३५ जी पर्यंत. त्यापेक्षा जोरात ब्रेक मारला की पुढच्या चाकांच्या आधी मागची चाकं लॉक होणार. जालना रोडवर समोर रिक्षा थांबली की आपण रोजच त्याच्यापेक्षा जोरात ब्रेक मारतो.

आणि मागची चाकं आधी लॉक झाली तर? याचा प्रयोग होस्टेलमध्ये फुकटात होतो, आम्ही केला. छोटी खेळण्यातली कार घ्या. ड्रॉइंग बोर्ड एका बाजूने पुस्तकांवर टेकवून उतार करा. पुढची दोन चाकं चिकटपट्टीने पक्की बांधा आणि गाडी सोडा. ती घसरते, पण सरळ जाते. आता पुढची सोडून मागची दोन बांधा. गाडी थोडी खाली येते आणि गर्रकन फिरून तोंड वर करते. दहा वेळा केलं, दहाही वेळा फिरली. शेजारच्या खोलीतल्या सिव्हिलच्या पोरांनी पैज लावून बघितली आणि मेसमधले दोन ऑम्लेट हरले. कारण सोपं आहे. लॉक झालेल्या टायरला बाजूची पकड राहत नाही. मागची पकड गेली की गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. पुढची गेली तर स्टिअरिंग लागत नाही, पण तोंड निदान रस्त्याकडेच राहतं. म्हणून गाडी बनवणारे मुद्दाम पुढची चाकं आधी लॉक होतील अशी मांडणी करतात आणि मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालतात. नव्या कारमध्ये हे सगळं एबीएस बघतं, ते आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारना सक्तीचं झालं. मामांच्या ८०० मध्ये एबीएस म्हणजे मामांचा पाय.

उस्तादांना मी ही सगळी गणितं वहीच्या मागच्या पानावर करून दाखवली. त्यांनी पान पाहिलं नाही. गल्लीच्या टोकाला उभी असलेली एक एस्टीम दाखवली. तिच्या मालकाने दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून मागे डिस्क बसवून आणल्या होत्या. लाल रंगाचे कॅलिपर, दिसायला खरंच भारी. उस्ताद म्हणाले, “डिकी खोल.” उघडली, तर आत दोन विटा! हॅन्डब्रेकच नव्हता त्या गाडीला. जोडायची सोयच नव्हती. उतारावर गाडी लावली की मालक उतरून चाकाला वीट लावत होता.

हा मुद्दा आमच्या परिषदेत कोणीच मांडला नव्हता. ड्रममध्ये हॅन्डब्रेक जवळजवळ फुकट मिळतो. केबल एक लिव्हर ओढते, लिव्हर तेच शू पसरवते. डिस्कला एक तर कॅलिपरमध्येच स्क्रू आणि लिव्हरची यंत्रणा लागते, नाहीतर डिस्कच्या मधल्या टोपीत वेगळा छोटा ड्रम. पुढच्या चाकाचा साधा कॅलिपर मागे चढवला तर यातलं काहीच मिळत नाही. आणि स्क्रूवाला कॅलिपर मिळालाच, तर त्याचा पिस्टन पॅड बदलताना नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत आत घालावा लागतो. ज्याला हे माहीत नाही तो शिकंजा लावून दाबतो आणि आतली यंत्रणा मोडतो. शिवाय जुनी केबल, तिचा खेच, लिव्हरचं अंतर, सगळं नव्याने जुळवायचं. गाडीला पायाच्या ब्रेकशिवाय पार्किंग ब्रेक असलाच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९६ व्या नियमात आहे. विटेचा उल्लेख त्यात नाही.

बाकी अडचणी भराभर सांगतो. ८०० चं चाक १२ इंची, त्यात डिस्क आणि कॅलिपर मावायला हवेत. नाहीतर रिम बदला, रिम बदललं की टायर, टायर बदलले की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, ते देणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच, त्यामुळे पेडल खोल जाऊ शकतं. काही जुन्या, चारही चाकांना ड्रम असलेल्या गाड्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब टिकवून धरणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. आणि कॅलिपर धरायला ब्रॅकेट. आमच्या वर्कशॉपमध्ये प्लेट कापून, वेल्डिंग मारून तासाभरात करू, असं मी म्हणालो होतो. मग हिशेब केला. ०.७ जी ला मागच्या एका चाकावर सुमारे ५९० न्यूटन. चाकाची त्रिज्या २६ सेंमी, डिस्कची परिणामी त्रिज्या ९ सेंमी. ब्रॅकेटवर येणारा ओढा साधारण १७०० न्यूटन, म्हणजे पावणेदोनशे किलो. आणि तो एकदा नाही, प्रत्येक ब्रेकला, हजारो वेळा. आपल्या पहिल्या वर्षाच्या वेल्डिंगचे नमुने ज्यांनी तपासलेत, त्या वर्कशॉपमधल्या सरांनी यावर फक्त मान हलवली.

कायद्याचंही विचारून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक भूमिका घेतली. ब्रेकचा प्रकार आरसीवर छापलेला नसतो, हे खरं. पण पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि अपघात झाल्यावर विमावाले काय काय बघतात ते कोणाच्या तरी अनुभवावरून शिकू नका. आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा.

आता घाटाकडे परत. गाडी घाटात का फसली, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

चार माणसं आणि सामान धरून गाडी ९०० किलो. ताशी ६० किमीवरून एकदा थांबवली तर ब्रेकमध्ये सुमारे १२५ किलोज्यूल उष्णता जाते. आता हीच गाडी न्यूट्रलमध्ये २०० मीटर उंची उतरली असं धरा. एमजीएच काढा: साडेसतरा लाख ज्यूलपेक्षा जास्त. म्हणजे ६० वरून चौदा वेळा थांबवल्याएवढी उष्णता, आणि मध्ये थंड व्हायला फारशी उसंत नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असती तर यातला बराच भाग इंजिनने खाल्ला असता. पेट्रोल वाचतं हे तरी खरं का? फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत चमचाभर वाचत असेल. त्या चमच्यासाठी आम्ही चौघं पणाला लागलो होतो.

तापल्यावर ड्रम आणि डिस्क वेगवेगळे वागतात, आणि इथे डिस्क खरोखर सरस आहे. ड्रम तापून फुगतो तो शूपासून लांब. १८० मिमीचा ओतीव लोखंडी ड्रम २०० अंशांनी तापला तर व्यास ०.४ मिमीने वाढतो आणि पेडल तेवढं जास्त खाली जातं. डिस्क फुगते ती पॅडच्या दिशेने. डिस्क उघड्या हवेत, ड्रम बंद डब्यात. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की ते लवकर निघत नाही, डिस्क एका फेरीत पाणी झटकते. पॅड किती उरलेत ते चाकाच्या फटीतून दिसतं. हे सगळं मान्य.

पण आमचं पेडल नुसतं खाली गेलं नव्हतं, स्पंजी झालं होतं आणि थंड झाल्यावर आपोआप कडक झालं. गळती असती तर ते परत आलं नसतं. नुसते लायनिंग फेड झाले असते तर पेडल कडकच राहिलं असतं, गाडी मात्र थांबली नसती. स्पंज होऊन परत बरं होणं म्हणजे ऑइलमध्ये वाफ! ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चं ऑइल नवीन असताना निदान २०५ अंशांना उकळायला हवं, पाणी शोषलेल्या अवस्थेतली मर्यादा १४० अंश. डॉट ४ ची २३० आणि १५५. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली. आणि वाफ झाली ती बहुधा पुढच्या डिस्कच्या कॅलिपरमध्ये, कारण सगळ्यात जास्त तापले होते ते तेच. उस्तादांनी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. मूळ ऑइल फिकट सोनेरी असतं, आमचं कटिंग चहासारखं होतं. शेवटचं कधी बदललं? मामांना आठवेना. “बदलतात का ते?”

मग ड्रम उघडले. हॅन्डब्रेक सोडला, गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही हात घालू नका. डावा ड्रम निघेना, गंजून बसला होता, कडेने ठोकून ठोकून काढला. आतली धूळ मी सवयीने फुंकणार तोच उस्तादांनी मानेला धरून मागे ओढलं. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, ती धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरही मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आत पाहिलं तर व्हील सिलिंडरचं रबर पाझरत होतं आणि लायनिंग ऑइलने काळं चकचकीत झालं होतं. उजव्या बाजूला ऑइल नव्हतं, पण अॅडजस्टर गंजून जाम, शू ड्रमपासून इतके लांब की दाबल्यावर जेमतेम टेकायचे. म्हणजे मागचे दोन्ही ब्रेक रजेवर होते, आणि त्यांच्या वाट्याचं काम पुढच्या दोन डिस्क करत होत्या. घाटात त्या तापल्या, जुनं ऑइल उकळलं. मागे नवीन डिस्क लावली असती तरी ऑइल तेच, न्यूट्रल तेच.

“अब बोल, डिस्क लगाना?” उस्ताद म्हणाले. मी काही बोललो नाही.

काम दीड दिवस चाललं. दोन्ही बाजूंचे शू नवीन, कारण एका बाजूचेच बदलले तर गाडी ओढते. ऑइल लागलेलं लायनिंग पॉलिश पेपरने घासून चालत नाही, ते आतपर्यंत मुरलेलं असतं. दोन्ही व्हील सिलिंडर नवीन. ड्रमचा आतला व्यास आम्ही कॉलेजच्या मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजला. कमाल व्यास बहुतेक ड्रमवर ओतलेला असतो, त्याच्या पुढे गेला तर टर्न मारायचा नाही, बदलायचा. आमचा हलका टर्न मारून चालण्यासारखा होता. अॅडजस्टर सोडवले, साफ केले. जुनं ऑइल पूर्ण काढून झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं नवीन भरलं, हवा काढली. पार्टनर पेडल मारत होता, मी निपल सोडत होतो. “दाब”, “धर”, “सोड” ओरडून घसा बसला, पण शेवटी बुडबुडे बंद झाले. खर्च सगळा मिळून माझ्या महिन्याच्या मेसबिलापेक्षा कमी. डिस्कच्या प्लॅनमध्ये नुसत्या रिम आणि टायरचं बजेट याच्या कितीतरी पट होतं.

रविवारी पहाटे एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर खडूने रेघ मारून ताशी ४० वरून थांबून पाहिलं. दुरुस्तीआधीही आम्ही तिथेच तीन वेळा मोजलं होतं, हे बरं केलं. सरासरीत गाडी जवळजवळ अर्ध्या गाडीच्या लांबीने आधी थांबली. डावीकडे ओढणं बंद झालं. हॅन्डब्रेक पूर्वी छताला लागेल इतका वर यायचा, आता पाचव्या ‘कट’ला धरतो. क्रांती चौकाच्या उड्डाणपुलावर गर्दीत अडकलो तेव्हा गाडी चढावर नुसत्या हॅन्डब्रेकवर उभी राहिली, मागचा रिक्षावाला उगीचच हॉर्न मारत होता.

म्हणजे मागे डिस्क कधीच लावू नये का? तसं नाही. तुमच्या गाडीच्या त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीनेच मागे डिस्क दिली असेल, तर त्या गाडीचा अख्खा संच घ्या: हब, ब्रॅकेट, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, हॅन्डब्रेकची केबल. अर्धा संच घेतला की मघाचं ३२ टक्क्यांचं गणित मागे लागतं. बाजारात हाताने फिरवून जुळवायचा व्हॉल्व्हही मिळतो, पण तो मागचा दाब फक्त कमी करू शकतो. म्हणजे आधी पैसे घालून ब्रेक दीडपट करायचा आणि मग पैसे घालून तो परत कमी करायचा! रॅलीची गाडी, किंवा मोठं इंजिन बसवलेली गाडी, यांची गोष्ट वेगळी. ते लोक रोलर टेस्टरवर प्रत्येक चाकाचं बळ मोजतात. आपल्याला प्रोजेक्ट करायचाच असेल तर खऱ्या रस्त्यावरच्या गाडीवर नको, वर्कशॉपमधल्या भंगार चॅसिसवर करा. मी तोच विषय घेतला आहे, गाइड सरांनी सही केली.

आणि ड्रम म्हणजे मागासलेपणा असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फोक्सवॅगनच्या आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक आहेत, त्याही जर्मन आणि महागड्या! मागची मोटरच जनरेटर होऊन बरंचसं ब्रेकिंग करते, त्यामुळे मागचे ब्रेक क्वचित वापरले जातात. उघडी डिस्क न वापरता गंजते, बंद ड्रम गंजत नाही. मामांच्या गाडीचे अॅडजस्टर मात्र ड्रममध्ये असूनही गंजले होते, पण पंचवीस वर्षं डबाच उघडला नाही तर दुसरं काय होणार.

फेब्रुवारीत पुन्हा चाळीसगावला जाणं झालं. बारसं होतं. घाटाच्या तोंडाशी मामांचा हात सवयीने गिअरकडे गेला. मी लिव्हरवर आधीच हात ठेवला होता. “दुसरा, मामा.” मामांनी माझ्याकडे पाहिलं, क्लच दाबला आणि दुसरा टाकला. इंजिन घुंघावत होतं, मागून आईने विचारलं, “गाडी आज एवढा आवाज का करतेय रे?”